बातमीतून कविता करताना मुलं फक्त ‘सुंदर’ शब्दच उचलतात. काय करावं?

खडूफळा

नववीला मराठी शिकवते. या सत्रात मुलांकडून वृत्तपत्रातल्या बातमीची फाउंड पोएम करून घेते आहे. ज्यांना हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक बातमी घ्यायची, तिच्यातलेच शब्द आणि तुकडे निवडायचे, बाकीचं गाळायचं आणि उरलेल्याच्या ओळी पाडायच्या. पदरचा शब्द घालायचा नाही. काही मुलं कात्रणावरच नको असलेला मजकूर काळ्या मार्करनं झाकतात, काही शब्द कापून दुसऱ्या कागदावर चिकटवतात.

मुलांना आवडतंय हे नक्की. कवितेच्या तासाला एरवी मान वर न करणारी मुलंसुद्धा कागद पसरून बसतात. पण हातात येतंय ते वाचून समाधान होत नाही. बातमी धरणाची असो, सामन्याची असो की नव्या ग्रंथालयाची, कविता एकाच तोंडवळ्याची. मुलं मजकुरावरून भराभर नजर फिरवतात, ‘आकाश’, ‘स्वप्न’, ‘आशा’, ‘अंधार’, ‘प्रवास’ असला शब्द दिसला की त्याला गोल करतात आणि ते सगळे गोल एकाखाली एक लिहून मोकळी होतात. बातमी कशाबद्दल होती याचा मागमूस राहत नाही.

दुसरं म्हणजे, एका मुलानं सरळच विचारलं, “बाई, सगळे शब्द बातमी लिहिणाऱ्याचे. मग यात माझं काय?” प्रश्न मनापासूनचा होता आणि मला त्याला गुळमुळीत उत्तर द्यायचं नाही. शिक्षकांच्या खोलीतही ‘ही तर उतरवून काढलेली कविता’ असा सूर आहेच.

आणि एक अवघड गोष्ट. एका मुलीनं रस्त्यावरच्या अपघाताची बातमी निवडली आहे. बातमीत एक माणूस गेलेला आहे. मी तिला अडवलेलं नाही आणि अजून हो पण म्हटलेलं नाही. कुणाच्या तरी घरावर कोसळलेलं दुःख आपण स्वाध्यायाला वापरावं का?

जमलं तर गुण कशाला द्यायचे तेही सांगा. ज्यांनी मुलांबरोबर हे केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

शब्दवेल्हाळ

नियम थोडे सैल आणि थोडे घट्ट करून बघा. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘लर्निंग नेटवर्क’नं २०१० पासून काही वर्षं विद्यार्थ्यांसाठी फाउंड पोएमची स्पर्धा घेतली होती. तिथे कविता चौदा ओळींच्या आत बसवायची असे आणि स्वतःचे जास्तीत जास्त दोन शब्द घालायची मुभा असे. चौदा ओळींची मर्यादा फार कामाची आहे, मुलांना गाळावंच लागतं. दोन शब्दांच्या सवलतीनं अडलेली मुलंही पुढे सरकतात. ‘आणि’, ‘पण’, ‘तरी’ एवढ्यावरही पुष्कळदा काम भागतं.

कात्रणवही

खडूफळा ताई, मी शाळांमधून या कवितेच्या कार्यशाळा घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कविता म्हणजे असेच शब्द, असं मुलांना वर्षानुवर्षं दिसत आलंय. त्यामुळे ती तेच शोधणार. मी पहिलीच सूचना उलटी देतो: जो शब्द शुभेच्छापत्रावर शोभेल तो घ्यायचा नाही. ‘स्वप्न’ सापडलं तर खुशाल सोडून द्या. ‘पाहणी’, ‘कठडा’, ‘मनाई’, ‘सुमारास’, ‘पर्यायी मार्ग’, ‘अन्यथा’ हे घ्या. हे शब्द कवितेत वापरून गुळगुळीत झालेले नाहीत. ते आले की त्यांच्या मागोमाग बातमीतली जागा येते, वेळ येते, माणसं येतात. मुलं आधी चक्रावतात. मग कुणीतरी ‘कठडा’ मोठ्यानं वाचून बघतं आणि वर्गाचा नूर पालटतो.

दोन शब्दांच्या सवलतीबद्दल माझं मत वेगळं आहे. स्पर्धेला ते ठीक. वर्गात पहिल्या फेरीला तरी देऊ नये. सवलत दिली की मूल ते दोन शब्द आधी ठरवतं, बहुतेक वेळा ‘मी’ आणि ‘मन’, आणि मग सगळी बातमी त्यांच्याभोवती लावून घेतं. सवलत नसली की अडल्यावर त्याला मुकाट्यानं पुन्हा मजकुरात शिरावं लागतं. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात त्याला पहिल्यांदा न दिसलेली वाक्यं दिसतात. मला हा सगळा खटाटोप त्या वाचनासाठी हवा असतो.

एक नमुना देतो. बातमी मीच रचली आहे, म्हणजे कुणाच्या मजकुराला हात लावायला नको:

*मध्यरात्रीच्या सुमारास जुन्या पुलाचा कठडा कोसळला. त्या वेळी पुलावर कोणीही नसल्याने जीवितहानी झाली नाही. पूल रविवारपासून सर्व प्रकारच्या वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे. दोन्ही तीरांवर फलक लावण्यात आले असून पादचाऱ्यांनाही मनाई आहे. नवीन पुलाचे काम पूर्ण होईपर्यंत पैलतीरावरील विद्यार्थ्यांना वळसा घालून शाळेत यावे लागणार आहे. नागरिकांनी सहकार्य करावे, असे आवाहन करण्यात आले आहे.*

तुमची मुलं यातून काय उचलतील ते सांगतो: मध्यरात्र, जुना पूल, पैलतीर, नवीन. झाली कविता. आता मला भावणारी एक वाट:

मध्यरात्रीच्या सुमारास
पुलावर
कोणीही
नसल्याने
पूल
बंद.

दोन्ही तीरांवर
मनाई आहे.

पादचाऱ्यांनाही
वळसा घालून
यावे लागणार आहे.

यातला ‘नसल्याने’ बघा. बातमीत पुलावर कोणी नव्हतं म्हणून जीव वाचले. कवितेत पुलावर कोणी नाही म्हणून पूल बंद पडला. शब्द तोच, जागचा प्रत्यय तोच, पण ‘ने’नं सांगितलेलं कारण आता भलत्याच परिणामाला जाऊन भिडलं. सुरक्षिततेची बातमी होती, ती एकटेपणाची झाली. शिवाय ‘कोणीही’वर ओळ थांबली की क्षणभर पुलावर कुणीतरी उभं असल्याचा भास होतो आणि पुढच्या ओळीत तो माणूस नाहीसा होतो. बातमीदारानं यातलं काहीच लिहिलेलं नाही. ‘यात माझं काय?’ विचारणाऱ्या तुमच्या मुलासमोर हे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवा आणि त्यालाच विचारा, हा एकटा पूल बातमीत कुठे होता?

आता प्रत्ययांचं. मराठीत ही कविता करताना खरी झटापट इथे होते आणि याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. वर मी ‘मध्यरात्र’ आणि ‘जुना पूल’ म्हटलं, पण ते शब्द त्या बातमीत नाहीतच. तिथे ‘मध्यरात्रीच्या’ आहे, ‘जुन्या पुलाचा’ आहे. प्रत्यय तोडायचा की नाही हे आधीच ठरवून टाका. माझा नियम कडक आहे, तोडायचा नाही. कात्रीनं ‘पुलावर’मधला ‘वर’ काढलात तर हातात ‘पुला’ उरतं, ‘पूल’ नव्हे. प्रत्यय लागायच्या आधीच शब्दानं रूप बदललेलं असतं. त्यामुळे प्रत्येक शब्द आपलं नातं बरोबर घेऊनच येतो आणि मुलाला त्या नात्याला साजेसा जोडीदार शोधावा लागतो. वरच्या कवितेत शेवटी मला ‘सहकार्य’ आणायचं होतं. पण ‘यावे लागणार आहे’ला ‘ना’ किंवा ‘ला’ असलेला शब्द लागतो. बातमीत तसे दोनच निघाले, ‘विद्यार्थ्यांना’ आणि ‘पादचाऱ्यांनाही’. दुसरा घेतला आणि त्याच्या शेपटीच्या ‘ही’नं कविता अनपेक्षितपणे गोड केली. म्हणजे आणखीही कुणीतरी वळसा घालतंय, ते कोण हे सांगितलेलं नाही. विभक्तीची कोष्टकं पाठ करून मुलांना जे समजत नाही ते इथे अर्ध्या तासात बोटांना कळतं. लिंगवचनाचंही तेच. ‘बंद करण्यात आला’मधल्या ‘आला’पुढे ‘नदी’ चिकटवून बघू दे त्यांना, पुढचं बोलायची गरज नाही.

साहित्याचं थोडं. वृत्तपत्राचा कागद शाई पितो. मार्कर पलीकडे उतरतो आणि खालच्या बाकावरही उमटतो, म्हणून खाली पुठ्ठा हवा. आधी पेन्सिलीनं चौकटी करून कविता पक्की होऊ द्या, मार्कर सगळ्यात शेवटी. आणि चौकट शिरोरेषेला चिकटवून काढायची नाही. आपल्याकडे मात्रा, वेलांटी, अनुस्वार वर आणि उकार खाली, दोन्हीकडे जागा सोडावी लागते. टिंब झाकलं गेलं की ‘रंग’चा ‘रग’ होतो आणि ‘मांडी’ची ‘माडी’. चिकटवायला पातळ डिंक नको, कागद सुरकुततो, गोंदकांडी बरी. बातमी इंटरनेटवरून घेणार असाल तर पानाचं चित्रच छापून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं विस्कटतात, आणि तसंही अक्षरांचा लहानमोठा आकार, स्तंभाची रुंदी, मध्येच तुटलेली ओळ हे सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर असायला हवं.

मुलांना इतिहास सांगायचा असेल तर दोन टोकांची माणसं सांगा. १९२० मध्ये त्रिस्तान झारा या दादावादी, म्हणजे कलेचे रूढ नियम झुगारणाऱ्या चळवळीतल्या, कवीनं कृतीच लिहून दिली होती: वृत्तपत्रातला लेख घ्या, शब्द कापा, पिशवीत घालून हलवा आणि जसे हाताला लागतील तसे उतरवा. तिथे सगळा कौल योगायोगाचा. दुसऱ्या टोकाला हेर्टा म्युलर, २००९ च्या साहित्याच्या नोबेलच्या मानकरी. त्याही छापील मजकुरातले शब्द कापून, चिकटवून कविता करतात, पण एकेक शब्द पारखून. मी वर्गात झाराची पिशवी आधी खेळू देतो. हसून खेळून झालं की विचारतो, आता यातलं तुम्ही काय बदलाल? त्या क्षणी निवड सुरू होते.

आणखी एक जुना खेळ आहे. अठराव्या शतकात, १७६६ च्या सुमारास, लंडनमध्ये केलेब व्हाइटफर्ड नावाच्या गृहस्थांनी वृत्तपत्र स्तंभाप्रमाणे खाली न वाचता आडवं वाचलं. एका स्तंभातली ओळ अर्ध्यावर सोडून शेजारच्या स्तंभात शिरायचं. राजकारणाच्या वाक्याला जाहिरातीचं शेपूट लागायचं. पान दुमडून दोन स्तंभ जवळ आणा आणि मुलांना असं वाचू द्या. वाक्य कुठेही तुटू शकतं आणि तुटल्यावर अर्थ हलतो, हे त्यांना व्याख्येशिवाय कळतं.

रात्रपाळी

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करते. रोज हातातून बातम्या जातात, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं लिहिते.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाबद्दल. ‘सगळे शब्द बातमीदाराचे’ हेच मुळात पुरतं खरं नाही. बातमीत हवामान खात्याच्या पत्रकातलं वाक्य असतं, पोलिसांच्या नोंदीतलं असतं, प्रत्यक्षदर्शीच्या तोंडचं असतं, मग त्यावर आमची कात्री फिरते. ‘जीवितहानी झाली नाही’, ‘घटनास्थळी धाव घेतली’, ‘एकच खळबळ उडाली’ ही वाक्यं कुणा एकाची राहिलेलीच नाहीत. बातमी स्वतःच अनेकांच्या शब्दांतून निवडून जुळवलेली असते. तुमचा विद्यार्थी त्याच रांगेतला पुढचा माणूस आहे. फक्त आम्ही निवडतो ते काय घडलं हे पटकन कळावं म्हणून, आणि तो निवडतो त्याचा हेतू वेगळा आहे.

मुलांना बातमीची बांधणी सांगा. महत्त्वाचं सगळं पहिल्या परिच्छेदात आणि खाली उतरत जाल तसं कमी महत्त्वाचं, असा उलटा पिरॅमिड असतो. जागा कमी पडली की आम्ही शेपटाकडून कापतो. म्हणजे आमच्या दृष्टीनं गेलं तरी चालेल असं जे, ते शेवटी. कुणाच्या तरी बोलण्यातलं एक साधं वाक्य, एखाद्या खोलीचं वर्णन, ‘कारण समजू शकले नाही’ असलं काहीतरी. मुलं पहिल्या परिच्छेदावर थांबतात आणि कविता पुष्कळदा तळाशी पडलेली असते. त्यांना एकदा बातमी शेवटाकडून वर वाचायला लावा. मोठ्या मथळ्याच्या बातम्यांपेक्षा चार ओळींच्या संक्षिप्त बातम्या, हवामानाची चौकट, ‘हरवले आहे’च्या सूचना, शुद्धिपत्रं हेही घ्या. शुद्धिपत्रात तर ‘असे वाचावे’ हा तुकडा तयारच असतो.

‘करण्यात आले’ याच्याकडे मुलांचं लक्ष वेधा, हे मला फार वाटतं. कात्रणवहींच्या छोट्याशा नमुन्यात ते तीनदा आलंय, जरा वेगवेगळ्या रूपांत. बंद करण्यात आला, लावण्यात आले, करण्यात आले. कुणी बंद केला? कुणी लावले? कर्ता गायब. आम्ही घाईत असतो, माहिती सरकारी पत्रकातून येते, ती भाषा तशीच उतरते. कधी कर्ता खरंच ठाऊक नसतो, कधी तो सांगायचा नसतो. मुलानं फक्त ही क्रियापदं ठेवून बाकी सगळं झाकलं तर न दिसणाऱ्या माणसांनी चालवलेलं जग समोर येतं. नववीच्या मुलाला हे दिसलं तर तो पुढे आयुष्यभर वृत्तपत्र वेगळ्या नजरेनं वाचेल.

अपघाताची बातमी. ताई, तिला करू द्या, पण मोकळं सोडू नका. नावं, वय, गाव, वाहनाचा क्रमांक, ज्यावरून माणूस ओळखता येईल ते सगळं आधी झाकायचं. गेलेल्या माणसाच्या तोंडी ‘मी’ घालायचा नाही, त्याच्या शेवटच्या क्षणात शिरायचं नाही. तो अधिकार आपला नाही, मग वय चौदा असो की चाळीस. ताजी, जवळपासची घटना असेल तर थांबा. वर्गातल्याच कुणाचा त्या घराशी संबंध असू शकतो. एवढं पाळून ती मुलगी त्या बातमीपाशी थांबत असेल तर मला त्यात वापर दिसत नाही. आम्ही अशी बातमी रोज लावतो आणि वाचणारा पान उलटतो. ती पान उलटत नाहीये. चार्ल्स रेझनिकॉफ या अमेरिकन कवीनं कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. त्यानं जुन्या न्यायालयीन खटल्यांच्या नोंदींतून कविता घडवल्या, अपघातांच्या, यंत्रात सापडलेल्या कामगारांच्या. स्वतःचं हळहळणं त्यात कुठेच नाही. काय झालं तेवढं साक्षीसारखं ठेवलं आहे. तो संयम तिला दाखवा.

आणि कवितेखाली श्रेय हवंच. वृत्तपत्राचं नाव, मथळा, तारीख, असल्यास बातमीदाराचं नाव. कॉपीराइटबद्दलच्या बर्न करारात दिवसभराच्या घडामोडी आणि निव्वळ माहितीवजा बातम्यांना संरक्षण नाही असं म्हटलंय. पण घडलेली गोष्ट वेगळी आणि ती कुणी कोणत्या वाक्यांत लिहिली ते वेगळं. विश्लेषण, लेख, मुलाखत हे त्या त्या लिहिणाऱ्याचं असतं. वर्गातल्या वहीत फारसा प्रश्न येत नाही. शाळेच्या अंकात छापणार असाल तर त्या वृत्तपत्राला एक पत्र टाका.

मागचा_बाक

मी आता अकरावीत आहे. आम्हाला हे करायला लावलं होतं, म्हणून त्या मुलाला माझ्याकडून सांगा.

आमच्या सरांनी सगळ्या वर्गाला एकच बातमी दिली होती, सायकल शर्यतीची. माझ्या शेजारच्यानं वेग, वेळ, विजेता हे सगळं घेतलं आणि त्याची कविता वाचताना धाप लागायची. बातमीच्या शेवटी, सगळ्यात उशिरा आलेल्या स्पर्धकासाठी आयोजक अंतिम रेषेपाशी थांबून होते, असं एकच वाक्य होतं. मी विजेत्यांची नावं गाळली आणि ते वाक्य चार ओळींत तोडलं. ‘थांबून होते’ दोनदा घेता येईल का असं सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, बातमीत जितक्यांदा आहे तितक्यांदाच. मग मी ‘थांबून’ एका ओळीत ठेवलं आणि ‘होते’ खाली, मध्ये एक ओळ रिकामी.

शब्द दोघांचे एकाच बातमीतले, तरी त्याची कविता मी केली असती असं कुणालाही वाटलं नसतं. माझं त्यात काय होतं हे मला तेव्हा कळलं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. मागचा_बाक, तुझं उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं आणि तुझ्या सरांचीच युक्ती केली. सगळ्यांना एकच बातमी दिली, तळ्यावर झालेल्या पक्षिगणनेची. ‘शुभेच्छापत्रावरचे शब्द बंद’ हा नियम फळ्यावर लिहिला. पहिली दहा मिनिटं नुसती कुरकुर होती. मग एकानं ‘नोंद झाली नाही’ एवढाच तुकडा धरला आणि ज्या पक्ष्यांची नावं बातमीत होती ती सगळी त्या तुकड्याच्या वर मांडली. दुसरीनं पक्षी पूर्ण वगळले आणि मोजणाऱ्या माणसांवर कविता केली, ‘पहाटेपासून / दुर्बिणी घेऊन / शांतता / मोजण्यात आली’. बातमीत ‘शांतता पाळण्याचे’ आवाहन होतं आणि ‘मोजण्यात आली’ बदकांच्या संख्येसाठी होतं. ‘आली’ला स्त्रीलिंगी शब्द हवा म्हणून शोधता शोधता ‘शांतता’ हाती लागली, हे तिनं स्वतः समजावून सांगितलं. ‘यात माझं काय?’ विचारणारा तिच्याच बाकावर बसतो. त्यानं नंतर आपली कविता तीनदा खोडून लिहिली.

अपघाताच्या बातमीवाल्या मुलीला रात्रपाळी ताईंचं म्हणणं वाचायला दिलं. बातमी जुनी आहे आणि दूरच्या ठिकाणची आहे, ते तपासलं. तिनं ओळखीच्या खुणा आधी झाकल्या आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही. शेवटी हे दिलं:

वाहतूक
काही काळ
थांबविण्यात आली

वाहने
हटविण्यात आली

वाहतूक
सुरळीत
करण्यात आली

मी विचारलं, तो माणूस कुठे आहे? म्हणाली, “बाई, बातमीत तो पहिल्या वाक्यात आहे. नंतर सगळं वाहतुकीबद्दलच आहे.” मी कविता घेतली.

आता गुणांचं सांगाल का? तिला आणि शांतता मोजणारीला मी कोणत्या मोजपट्टीनं गुण देऊ?

कात्रणवही

तिच्या त्या एका उत्तरात तुमची मोजपट्टी आहे, ताई. मी कवितेला वेगळे गुण देत नाही. मूल तीन गोष्टी जमा करतं: मूळ कात्रण, कविता आणि पाच-सहा वाक्यांचं टिपण. टिपणात एवढंच लिहायचं की कोणता शब्द हातात घेऊन सोडला आणि का, कोणती ओळ जिथे तोडली तिथेच का तोडली, आणि बातमीत नसलेलं काय कवितेत आलं. निम्मे गुण टिपणाला. पाव गुण नियम पाळण्याला, म्हणजे प्रत्येक शब्द कात्रणात बोट ठेवून दाखवता यायला हवा आणि खाली श्रेय हवं. ते शेजारच्या मुलानं तपासायचं, त्यात त्याचंही वाचन होतं. उरलेला पाव मोठ्यानं वाचण्याला. ओळ जिथे तुटते तिथे मूल थांबतं का, हे ऐकलं की ती तोड विचारानं झाली की जागा संपली म्हणून, ते लगेच कळतं.

‘मोजण्यात आली’ लिहिणारीचं टिपण तर तिनं तुम्हाला तोंडी दिलेलंच आहे. तेच तिच्याकडून लिहून घ्या. आणि अपघाताची कविता मोठ्यानं वाचायची की नाही, हे त्या मुलीला ठरवू द्या. नाही म्हणाली तर तिचे ते गुण टिपणात मिळवा.